व्हेन्यूवरची चढाई

मुलीचा फोन आला. "बाबा, शनिवारी लग्नासाठी तीन व्हेन्यू बघायचेत. तुम्ही आणि आई नुसते बरोबर या. बोलायचं मी बघते."

तो 'नुसते' मला लागला. अहो, ३५ वर्षं नोकरीत इंग्रजी पत्रं लिहिली आहेत मी. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर'ने सुरू होणारी आणि 'युवर्स फेथफुली'ला संपणारी. मधला मजकूर साहेब सांगत, हा भाग वेगळा.

इरेला पेटून मी इंग्रजी संभाषणाचं एक पुस्तक पैदा केलं. त्यात लग्नाची जागा पाहण्यावर अख्खा धडा होता. अ आणि ब बोलतात. अ विचारतो, "आपल्या हॉलमध्ये किती पाहुण्यांची सोय होते?" ब म्हणतो, "दोनशे." अ म्हणतो, "फारच छान." इतका सज्जन माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. विचारलं तेवढंच सांगतो आणि गप्प बसतो. मी अ झालो, बायकोला ब केलं आणि जेवणाच्या टेबलावर तालीम सुरू झाली.

"टू हंड्रेड," बायकोने वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं. "हे बसलेले की उभे?"

"ते ब ला माहीत नाही. तू पुढचं वाच."

"अहो, पण मग ब ला विचारायचं कशाला?"

तालीम तिथेच संपली. रात्री मी शब्दकोश उघडला. 'व्हेन्यू' हा शब्द फ्रेंचमधल्या 'येणे' या क्रियापदावरून आला. इथवर ठीक. पण इंग्रजीत तो पहिल्यांदा वापरला गेला तो हल्ला करायला चालून येणे या अर्थाने. पुढे तो कोर्टात शिरला आणि खटला जिथे चालतो ती जागा असा त्याचा अर्थ झाला. हल्ला, मग खटला आणि शेवटी लग्न. शब्दांनाही अनुभवातूनच शहाणपण येत असावं. बायकोला सांगायला गेलो, तर ती झोपली होती.

शनिवारी पहिल्या जागी एक तरतरीत बाई हातात टॅब्लेट घेऊन समोर आल्या. मुलगी तोंड उघडायच्या आत मी माझं वाक्य फेकलं, "हाऊ मेनी गेस्ट्स कॅन यू अकॉमोडेट?" उच्चार इतका साफ पडला की मीच दचकलो. आता 'टू हंड्रेड' आलं की 'फारच छान' म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

बाई म्हणाल्या, "वेल, दॅट रिअली डिपेंड्स, सर."

हे पुस्तकात नव्हतं. प्रश्न पाठ करता येतात; उत्तरं समोरच्याच्या ताब्यात असतात. त्यानंतर जे इंग्रजी आलं त्यातलं मला निम्मं कळलं, उरलेलं मुलीने नंतर समजावलं. दोनशे माणसं मावतात, पण हातात पेला घेऊन उभी राहिली तर. बसवायची म्हटलं की गोल टेबलं आली. पाच फूट व्यासाच्या टेबलाशी आठ माणसं ऐसपैस बसतात, दहा बसवली की कोपराला कोपर लागतो. मग नाचायला मोकळी जागा, बँडला कोपरा, वाढप्यांना फिरायला वाट. हे सगळं वजा जाऊन उरले १२०. बायकोने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

शिवाय बाई 'माणसं' म्हणतच नव्हत्या. 'हंड्रेड अँड ट्वेंटी पॅक्स' म्हणत होत्या. हॉटेलवाले डोकी मोजताना हाच शब्द वापरतात. लॅटिनमध्ये पॅक्स म्हणजे शांतता. दोन्ही घरचे मिळून १२० नातेवाईक एका छताखाली, आणि हिशोब शांततेत!

मग भाव निघाला. त्यांनी दर माणशी आकडा सांगितला आणि पुढे म्हणाल्या, "प्लस प्लस." आमच्या मुलीला शाळेत ए प्लस मिळायचा तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. इथे तर दोन प्लस. मी मनापासून "व्हेरी गुड" म्हणालो. मुलीने कोपर मारलं. एक प्लस सेवा शुल्काचा आणि दुसरा कराचा, दोन्ही त्या आकड्यावर वेगळे. दुसऱ्याने आपल्याला लुटण्याचा बेत सांगावा आणि आपण त्याची पाठ थोपटावी, तशी गत झाली.

तरी मी हटलो नाही. वहीत पुढचा शब्द होता वधूच्या चालण्याच्या वाटेचा. त्यात एस लिहितात आणि म्हणतात मात्र 'आइल'. हा एस मुळात तिथला नाहीच. मूळ शब्दाचा अर्थ पंख. बेटाच्या इंग्रजी शब्दाशी गल्लत होऊन एस आत शिरला आणि पाहुण्यासारखा तिथेच राहिला. इतकं सगळं ठाऊक असूनही ऐनवेळी माझ्या तोंडून 'आइसल' गेलं. बाईंनी अत्यंत अदबीने 'आइस'ची व्यवस्था होईल असं सांगितलं आणि टॅब्लेटवर टिपूनही घेतलं. मी दुरुस्त केलं नाही. बर्फ लागतोच.

हळूहळू माझ्या एक लक्षात आलं. या धंद्यात 'नो' हा शब्द नाही. बाहेरचा केटरर चालेल का? "आमच्या प्रिफर्ड केटरर्सची यादी देते." मला वाटलं, त्यांच्या आवडीची यादी असेल, कौतुकाने दाखवताहेत. अर्थ असा की यांच्यातलाच घ्या. आपल्या बाटल्या आणल्या तर? "कॉर्केज लागेल." म्हणजे बाटली आपली, पेय आपलं, पिणारे आपले, आणि बूच उघडण्याचे पैसे त्यांचे. रात्री उशिरापर्यंत गाणी वाजवता येतील? "दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन!" आपल्या प्रश्नाचं कौतुक झालं की समजावं, उत्तर वाईट आहे.

दुसऱ्या जागेबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. तिथला तरुण प्रत्येक प्रश्नाला 'ॲब्सोल्यूटली' म्हणत होता. जागेला तो 'इंटिमेट' म्हणाला, म्हणजे लहान. 'रस्टिक' म्हणाला, म्हणजे भिंतींचा गिलावा राहून गेलेला. 'ब्लँक कॅनव्हास' म्हणाला तेव्हा मी आत डोकावलो. खुर्चीसुद्धा नव्हती.

तिसरी जागा म्हणजे बाग. हिरवळ, तळं, वेलींची कमान. मुलगी विरघळली. जावईबापू तर फोटोच काढत सुटले. व्यवस्थापक गृहस्थ खर्जातल्या आवाजात संध्याकाळच्या उन्हाचं वर्णन करत होते. मी वही मिटली. अशा इंग्रजीपुढे काय बोलणार?

तेवढ्यात सकाळपासून गप्प असलेली बायको पुढे झाली. तिने आभाळाकडे बोट केलं आणि म्हणाली, "रेन?"

गृहस्थ हसले. हवामानाच्या बाबतीत आम्ही फार नशीबवान आहोत, म्हणाले.

"रेन?"

आमच्याकडे अर्थातच पर्यायी योजना असते, म्हणाले.

"रेन?"

ना क्रियापद, ना 'प्लीज', ना 'कुड यू'. पण तिसऱ्या 'रेन'ला गृहस्थांचा खर्ज उतरला. आतला हॉल त्या दिवशी दुसऱ्या समारंभाला दिलेला होता. मोठा तंबू मिळतो, पण त्याचे पैसे वेगळे आणि तो आधीच सांगून ठेवावा लागतो. पाऊस पडो न पडो, भाडं द्यायचंच. माझ्या धड्यातल्या बावीस वाक्यांनी जे बाहेर आलं नाही, ते एका शब्दाने आलं. बायको शांतपणे म्हणाली, "चला."

येताना गाडीत एकमताने पहिली जागा ठरली. १२० तर १२०. मुलगी म्हणाली, पैसे भरेपर्यंत तारीख धरून ठेवायला सांगायचं, त्याला 'होल्ड' म्हणतात, आठवडाभर तरी देतात. एवढ्या दिवसाच्या मानहानीनंतर मी म्हणालो, हे काम माझ्याकडे द्या. एकच तर शब्द आहे.

सोमवारी सकाळी दार लावून फोन केला. पलीकडे नवाच आवाज होता. मी नाव सांगितलं, तारीख सांगितली आणि ठणकावून म्हणालो, "आय वाँट होल्ड."

"शुअर सर. प्लीज होल्ड," ती म्हणाली आणि लगेच छान संगीत सुरू झालं. इतकं चटकन काम होईल असं वाटलं नव्हतं. दोन मिनिटं संगीत ऐकलं, 'थँक यू' म्हणालो आणि फोन ठेवला.

बाहेर मुलगी आणि बायको उभ्याच होत्या.

"काय म्हणाले, बाबा?"

"दिला होल्ड," मी म्हणालो. "वर गाणंही वाजवलं."