विद्यापीठापासून दोन मिनिटांवर

संध्याकाळपासून डोकं फिरलंय. लिहून मोकळी होते, म्हणजे रात्री झोप तरी लागेल.

भाचीचा फोन आला, परभणीहून. पीएच.डी.च्या कामासाठी परवा मुंबईत येतेय. "मावशी, रूम बुक केली. विद्यापीठापासून दोन मिनिटांवर!" कुठं गं? "फोर्टात." आणि काम कुठं? "ते कलिन्याला लिहिलंय, पण ॲपवर मुंबई विद्यापीठ टाकलं तर हेच आलं."

बाई गं. विद्यापीठाची आवारं दोन, जुनं फोर्टात आणि दुसरं लांब सांताक्रूझच्या कलिन्याला. बावीस वर्षं झाली, सगळं जिथल्या तिथंच.

2003 च्या जूनमध्ये मी आणि माझे वडील, अण्णा, देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला आलो होतो, माझ्या एम.ए.च्या प्रवेशासाठी. पत्रावर पत्ता होता विद्यानगरी, सी.एस.टी. रोड, सांताक्रूझ पूर्व. अण्णा जिल्हा परिषदेचे मास्तर, पत्र चारदा वाचलेलं. सांताक्रूझ त्यांनी वाचलं नाही असं नाही. पण सी.एस.टी. म्हणजे स्टेशन, आणि विद्यापीठ म्हणजे राजाबाई टॉवर, हे डोक्यात पक्कं. स्टेशनाजवळच्या गल्लीत 250 रुपयांची खोली घेतली. गॅलरीतून मान वाकडी केली की टॉवरचा तुकडा दिसायचा. "हे बघ, घड्याळ दिसायलंय की! सकाळी चालत जाऊ." रात्री टोल्यांवर त्यांनी मनगटावरचं घड्याळ लावून घेतलं. प्रेमचंद रायचंदनं आईच्या नावानं टॉवर बांधायला पैसे दिले, हे मला तेव्हा तिसऱ्यांदा सांगितलं.

सकाळी दहाला फाटकावर वॉचमननं कागद बघितला. "हे कलिना आहे काका."

तो सी.एस.टी. रोड आणि ते सी.एस.टी. स्टेशन यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. इंग्रजांच्या काळात तिकडून सेंट्रल सॅल्सेट ट्रामवे नावाची रेल्वे जायची, त्यावरून रस्त्याचं नाव. मुंबईकरांपैकीही किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे. परभणीच्या मास्तरांना कोण सांगणार?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. विद्यापीठात कामाला जाताय ना, तर ज्या फाटकातून आत जायचंय तिथं चालत पोचता येईल अशी जागा बघा. स्टेशनजवळची नको, मंत्रालयाजवळची नको. मराठवाड्यातल्या माणसाची मुंबई आमदारांच्या चिठ्ठीवर आमदार निवासात सुरू होते आणि तिथंच संपते. कलिना तिथून 18-20 किलोमीटर. पण ओळखीची जागा म्हणून आपण तिकडेच जाऊन पडतो.

आणि नातेवाइकांकडे तर मुळीच नको. हो, मी स्वतः नातेवाईक असून सांगतेय! मी बदलापूरला राहते. भाची माझ्याकडे उतरली तर सकाळच्या कर्जत लोकलमध्ये चढायचं, कुर्ल्याला उतरायचं (उतरता आलं तर), मग रिक्षाची रांग. कामाआधीच पोर अर्धी होईल. शिवाय रात्री मी बारापर्यंत गप्पा मारणार, सकाळी थालीपीठ खाल्ल्याशिवाय सोडणार नाही. "घर असताना लॉजवर कशाला?" म्हणणाऱ्यांचं प्रेम कळतं हो, पण ज्या दिवशी काम आहे त्याच्या आदल्या रात्री ते प्रेम परवडत नाही.

कलिना महाग आहे, मान्य. एका बाजूला बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली मोठमोठी ऑफिसं, दुसऱ्या बाजूला विमानतळ, तिथले हॉटेलवाले सूटबूटवाल्यांचे दर लावतात. मग कुर्ला पश्चिमेला बघा, वाकोल्याला बघा, खोली साधी असली तरी चालेल. सीएसटीहून सकाळी उलट्या दिशेच्या गाडीत बसायला जागा मिळते, हेही मान्य. पण नवख्या माणसाला उलटी दिशा कोणती, हे कुठं ठाऊक असतं?

आम्हाला नव्हतं. अण्णांनी टॅक्सी केली. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली टॅक्सी असावी. पाऊस कोसळत होता, सायनला गाडी हलेना आणि मीटर थांबेना. अण्णा एकदा मीटरकडं बघायचे, एकदा घड्याळाकडं. रात्री टोल्यांवर लावलेलं तेच. खोलीचं भाडं आणि टॅक्सीचं भाडं जवळपास सारखंच झालं. पोचलो तेव्हा कागदपत्रं तपासायची वेळ टळून गेली होती. वर्गात ज्यांच्यासमोर पोरं चळचळा कापायची, ते माझे अण्णा एका खिडकीपुढं ओल्या सदऱ्यात हात जोडून उभे. "साहेब, चूक माझी आहे, लेकीची नाही."

कागद घेतले त्यांनी. माणूस चांगला होता. पण ते जोडलेले हात मी अजून विसरलेली नाही.

म्हणून आज भाचीवर जरा जास्तच ओरडले. कॅन्सल कर म्हटलं, आत्ताच्या आत्ता. ॲपला काय जातंय दोन मिनिटं लिहायला! तिनं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "मावशी, ॲपचं एक झालं. पण अण्णांनी पण तेच सांगितलं. म्हणाले, टॉवरजवळ घे."

मग अण्णांना फोन लावला. ब्याऐंशी वय, ऐकू कमी येतं. मी सगळं पुन्हा सांगितलं, कलिना, टॅक्सी, पाऊस. म्हणाले, "ध्यानात आहे की मला. तिचं काम परवा नाही, तेरवा आहे. एक रात्र तिथं राहू दे, दुसऱ्या दिवशी जाईल की तिकडं."

मी गप्प.

शेवटी असं ठरलंय: पहिली रात्र फोर्टात, दुसरी कुर्ल्यात. कुर्ल्याच्या खोलीचे पैसे मी भरले. भाचीला अण्णांचा निरोप आहे, टोले पडायला लागले की फोन लाव आणि खिडकीबाहेर धर.