शोधायला सगळे तयार, सांभाळायला कोण?

मे महिना लागला की चौकाचौकात फ्लेक्स. क्रिकेट समर कॅम्प, वय ५ ते १२, जागा मर्यादित, 'उद्याचा सचिन इथेच घडेल'. टॅलेंट शोधायची आपल्याला भारी हौस. एकदा सापडल्यावर ते पुढची दहा-बारा वर्षं सांभाळायचं म्हटलं की मात्र सगळे खिसे चाचपायला लागतात.

मध्यंतरी भाच्याला घेऊन दहा वर्षांखालच्या निवड चाचणीला गेलो होतो. प्रत्येकाला नेटमध्ये सहा चेंडू. निवडली गेलेली पोरं बघितली, तर बहुतेक सगळी उंचीने आणि अंगाने थोराड. कट-ऑफच्या तारखेनंतर लगेच जन्मलेला आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी जन्मलेला, दोघे एकाच गटात. दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा आयुष्य! कॅनडातल्या आइस हॉकीत अभ्यासकांनी हे १९८०च्या दशकातच दाखवून दिलंय. वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी. म्हणजे आपण गुण बघतोय असं वाटतं आणि निवडतो वाढदिवस. आपल्याकडच्या काही पालकांनी तो अभ्यास न वाचताच उपाय काढलाय, जन्मदाखलाच बदलायचा. म्हणून तर बीसीसीआयला पोरांच्या मनगटाचे एक्स-रे काढून हाडांचं वय तपासावं लागतं.

आता स्वप्नील कुसाळेकडे बघा. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी. २००९ मध्ये वडिलांनी पोराला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे आधी वर्षभर नुसती शारीरिक तयारी करून घेतली आणि मगच खेळ निवडायला सांगितला. त्याने नेमबाजी घेतली. पॅरिसचं ऑलिंपिक ब्राँझ आलं १ ऑगस्ट २०२४ला. मधली पंधरा वर्षं कुणाच्या स्टेटसला नव्हती. २०२२ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तर अंतिम फेरीत आघाडीवर होता आणि शेवटाकडे एक गोळी ७.६ गुणांवर गेली. पुन्हा चौथा. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, करंगळीच्या नखाएवढं. तिथे एका श्वासाची चूक पुरते.

दोनदा चौथा आलेल्या माणसाचं आपण काय करतो? विसरतो. त्याला तगवलं ते रेल्वेतल्या टीसीच्या नोकरीने, पुण्यातल्या सरावाने आणि दीपाली देशपांडेंसारख्या, स्वतः २००४चं अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या प्रशिक्षकाने. हांगझोऊनंतर वर्षभराच्या आत तो पॅरिसच्या पोडियमवर होता. मला या सगळ्यात टॅलेंटइतकीच ती नोकरी महत्त्वाची वाटते. दर महिन्याला पगार येतोय, पुढच्या वर्षीही खेळता येईल, एवढी खात्री असेल तरच माणूस ७.६ पचवू शकतो.

आणि ज्यांना ती खात्री नसते, त्यांचं काय होतं ते कुठल्याही पीटीच्या सरांना विचारा. महाराष्ट्रातल्या खेळाडूंचा सगळ्यात मोठा शत्रू दुखापत नाही, दहावीचं वर्ष आहे. 'सर, यंदा दहावी आहे हो, एक वर्ष राहू दे, पुढच्या वर्षी नक्की पाठवते.' पुढच्या वर्षी अकरावी, मग नीट नाहीतर सीईटी. मुलगी असली तर विषयच संपला. ग्रेस मार्कांपुरतं एक जिल्हास्तराचं सर्टिफिकेट पदरात पडलं की स्पाइक्स माळ्यावर. पालकांना तरी काय दोष द्यायचा? अभ्यासाच्या वाटेला पुढे काय आहे ते त्यांना दिसतं, मैदानाच्या वाटेला दिसत नाही.

अविनाश साबळे तर कुठल्याच टॅलेंट हंटमध्ये सापडला नसता. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा. बारावी करून पोरगा सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनची पोस्टिंग झाल्यावर कुठे लष्कराच्या क्रॉस कंट्रीत धावायला लागला आणि स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) वळला तो थेट २०१७च्या सुमारास, बाविशी ओलांडून. २०१८ला त्याने ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ला राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाची मक्तेदारी फोडून रौप्य आणलं. दहाव्या वर्षी त्याची चाचणी घेतली असती तर कोणत्या तक्त्यात बसला असता?

नॉर्वेवाल्यांनी हे ओळखलंय. तिथे मुलं अकरा वर्षांची होईपर्यंत निकालाचे तक्ते नाहीत, क्रमवारी नाही. जेमतेम ५५ लाखांचा देश, पण २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं! अर्थात बर्फ आणि पैसा दोन्ही त्यांच्याकडे मुबलक, तेव्हा आंधळी नक्कल नको.

आणि सगळीकडे उशीर चालतो असंही नाही. बुद्धिबळात लहानपणीच बसावं लागतं. नागपूरची दिव्या देशमुख एकोणिसाव्या वर्षी महिला विश्वचषक जिंकली, त्यामागे पटावर काढलेलं अख्खं बालपण आहे. गाण्यातही कान लवकर तयार झालेला बरा. पण लवकर सुरू करणं वेगळं आणि लवकर निकाल लावणं वेगळं. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी घरातून पळाले खरे, पण पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांनी मोजक्या रागांवर वर्षानुवर्षं घासून घेतलं. आज आठ वर्षांचं पोर टीव्हीवर गातं, परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, एसेमेस मागवले जातात. आवाज फुटल्यावर, चौदाव्या-पंधराव्या वर्षी, त्याच्याकडे कोण बघतं?

पॅरिसनंतर राज्य सरकारने स्वप्नीलला एक कोटी जाहीर केले. द्यायलाच हवेत, कमीच आहेत. पण पदकानंतरचा पैसा फोटोपुरता सोपा असतो. चौथ्या, सातव्या, अकराव्या क्रमांकावर अडकलेल्या अठरा ते पंचवीस वयाच्या पोरापोरींना महिन्याला पंधरा-वीस हजार, खुराक आणि फिजिओ, असं पाच वर्षं कुणी देईल का? १९५२ला हेल्सिंकी ऑलिंपिकला जायला पैलवान खाशाबा जाधवांना गावोगाव वर्गणी काढावी लागली, त्यांच्या कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं, तेव्हा कुठे ते ब्राँझ आलं. तेव्हापासून दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्रात यायला ७२ वर्षं गेली.

यंदा कॅम्पची फी भरण्याआधी तिथल्या सरांना एवढंच विचारा: तुमच्याकडे बाराव्या वर्षी असलेल्या मुलांपैकी अठराव्या वर्षी किती जण अजून खेळतायत? उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये टाका, अकॅडमीचं नाव नको, नुसता आकडा चालेल.