टोमणा हे औषध नव्हे

गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी आरत्या आटोपून मंडळी जेवायला बसण्याच्या बेतात असताना काकांनी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश पुढे ढकलला. 'देहस्वीकाराचे थोतांड' असा त्याचा मथळा. तोच मजकूर त्या आठवड्यात मला आणखी तीन गटांवर भेटला, तेव्हा मूळ लेखक शोधण्यात अर्थ नाही. म्हणणे थोडक्यात असे: 'बॉडी पॉझिटिव्हिटी', म्हणजे आपला देह जसा आहे तसा स्वीकारणे, हे इन्स्टाग्रामने काढलेले खूळ आहे, आपल्या संस्कृतीत शरीराची लाज कधी नव्हतीच, आजच्या मुली फार नाजूक झाल्या आहेत, मधुमेहात गोवा देशात पहिला आला तो याच लाडांमुळे, आणि जाड माणसाला तोंडावर जाड म्हटल्याशिवाय तो सुधारत नाही. खाली तळटीप, "आपल्या मुलींना अवश्य वाचायला द्या."

आमच्या मुलीने तो वाचला. माझी सतरा वर्षांची भाची त्या गटात आहे, याचा काकांना विसर पडला असावा. पानात वाढलेल्या दोन्ही पातोळ्या तिने धाकट्या भावाकडे सरकवल्या, त्याने सोडून ठेवलेले हळदीचे पान उचलले आणि घडीवर घडी घालत ते बोटाच्या पेराएवढे केले. जेवण संपेपर्यंत ती तेवढेच करत होती.

खुळाची गोष्ट आधी निकालात काढते. इन्स्टाग्राम आले २०१० साली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे पाचशे माणसे जमून लठ्ठ माणसांना मिळणाऱ्या वागणुकीचा निषेध करत होती ती १९६७ साली, आणि 'नाफा' या नावाने ओळखली जाणारी अमेरिकेतली संघटना स्थापन झाली १९६९ साली. नोकरीत, दवाखान्यात, दुकानात लठ्ठ माणसाला माणसासारखे वागवा, एवढीच तिची मूळ मागणी होती. पुढे साबणाच्या आणि कपड्यांच्या कंपन्यांनी ते शब्द उचलून जाहिरातीला लावले, हे खरे. पण त्याचा दोष मागणी करणाऱ्यांच्या माथी कसा मारायचा?

आपल्याकडे लाज नव्हती म्हणणाऱ्याने लग्नाचे एखादे स्थळपत्रक काढून वाचावे. उंची, वर्ण, अंगकाठी हे रकाने शिक्षणाच्याही आधी येतात. जत्रेतल्या नाटकाच्या तालमी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अंगाने भरलेल्या मुलीच्या वाट्याला कोणती भूमिका येते हे सांगायला नको. आणि कोणाच्या घरी पाऊल टाकताच 'बरीच भरलीस गं' किंवा 'किती वाळलीस' हा जो आपला स्वागताचा मंत्र आहे, तो इन्स्टाग्रामने शिकवलेला नाही.

मुली नाजूक झाल्या, या मुद्द्यावर फार बोलत नाही. आधीच शरीराविषयी खंत असलेल्या दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची ती खंत इन्स्टाग्राममुळे वाढते, असे त्या कंपनीच्या स्वतःच्या अंतर्गत पाहणीत निघाले होते, आणि वॉल स्ट्रीट जर्नलने ते २०२१ साली छापले. एकाच दिवसात पन्नास घासूनपुसून गुळगुळीत केलेले चेहरे आणि कंबरा डोळ्यांपुढून सरकवायच्या आणि वर मन खंबीर ठेव म्हणायचे, हा न्याय मला कळत नाही.

आता मधुमेह. येथे संदेशकर्त्याच्या हाती एक खरा आकडा लागला आहे, आणि तो खरा आहे हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले; त्यांत देशातले मधुमेहाचे सरासरी प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्याचे २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, असे आढळले. वाढत्या वजनाचा त्याच्याशी संबंध आहे, आणि कोणतेही वजन सारखेच निरोगी असते असे सांगणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरतात, हेही खरे. त्या चुकीच्याच आहेत. पण ही पाहणी वीस वर्षांवरील प्रौढांची होती, आणि मधुमेहाचे प्रमाण वयाबरोबर वाढत जाते. हा आजार ज्यांना जडला त्यांतल्या बहुतेकांनी 'बॉडी पॉझिटिव्हिटी' हा शब्दही ऐकलेला नसेल. ज्या काकांनी हा संदेश पाठवला त्यांनी त्याच दुपारी, स्वतःची गोळी विसरून, चौथी गोड नेवरी उचलली होती. त्यांना ती देहस्वीकाराने खायला लावली, असे म्हणायचे काय?

राहिला शेवटचा मुद्दा, आणि माझा खरा राग त्यावर आहे. टोमणा मारला की माणूस सुधारतो, हे विधान तपासून पाहता येते आणि ते तपासले गेलेले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या २,९४४ माणसांच्या वजनाचा चार वर्षांचा हिशेब २०१४ साली 'ओबेसिटी' या नियतकालिकात मांडला. वजनावरून हिणवले गेल्याचे, दुकानात किंवा दवाखान्यात वाईट वागणूक मिळाल्याचे ज्यांनी सांगितले, त्यांचे वजन सरासरी ०.९५ किलोने वाढले. ज्यांच्या वाट्याला हे आले नाही, त्यांचे ०.७१ किलोने घटले. मुळात कोण किती जाड होते हा फरक हिशेबात धरूनही हे चित्र टिकले. ही माणसे इंग्रज होती, वयस्क होती, आणि अशा पाहणीतून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे मी जाणते. परंतु टोमणा जर औषध असता तर निदान ज्यांनी ते रोज घेतले त्यांचे वजन थोडे तरी उतरायला हवे होते.

असे का होते, हे समजायला मला इंग्लंडपर्यंत जावे लागले नाही. माझी भाची गेल्या वर्षी रोज संध्याकाळी फोंड्याच्या मैदानावर धावायला जात असे. कोणीही सांगितले नव्हते, तिला आवडत असे. एक दिवस स्कूटरवरून जाणाऱ्या दोघांनी तिच्या धावण्यावर शेरा मारला आणि हसत निघून गेले. धावण्याचे बूट त्या दिवसापासून दाराआडच्या फळीवर आहेत. म्हणजे त्या टोमण्याने वजन कमी केले नाही, व्यायाम तेवढा बंद पाडला. नंतर रात्रीचे जेवण बंद झाले, आणि मग मध्यरात्री स्वयंपाकघरात डब्यांचा आवाज येऊ लागला. जी मुलगी धावत होती ती स्वतःच्या शरीरावर रुष्ट नव्हती म्हणून धावत होती, ही साधी गोष्ट त्या संदेशकर्त्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

चवथ संपल्यावर वहिनी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी रक्त तपासले, झोपेची, पाळीची, खाण्याची चौकशी केली आणि घरच्यांना दोनच गोष्टी सांगितल्या: जेवताना वजनाचा विषय काढायचा नाही, आणि न्हाणीघराबाहेरचा वजनकाटा उचलून ठेवायचा. काकांना हे कळवले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मी तिला उद्देशून थोडाच पाठवला होता?" काटा आता माळ्यावर, गणपतीच्या डोक्यावर फळे टांगायच्या माटोळीच्या लाकडी चौकटीशेजारी आहे.