आमच्याकडून ओके आहे

"फॅक्स? अजून?" असं म्हणून लोक हसतात, हसू देत. आमचा टॉवेलचा एक्स्पोर्ट आहे, सोलापूरला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आणि आमच्या पार्ट्यांमधली एक पार्टी जपानची आहे. ज्या देशात ट्रेन एखादं मिनिट लेट झाली तर माफी मागतात तो देश आम्हाला टॉवेलची ऑर्डर फॅक्सवर पाठवतो. ती पण हाताने लिहून, बाजूला टॉवेलचं चित्र काढून, खाली गोल लाल शिक्का मारून, जो आमच्याकडे येईपर्यंत काळा झालेला असतो. २०२१ मध्ये त्यांचे मंत्री तारो कोनो यांनी सरकारी खात्यांतले फॅक्स बंद करायचं काढलं होतं, तर खात्यांकडूनच शेकडो हरकती आल्या आणि बेत बारगळला. जिथं मंत्र्याचं चाललं नाही तिथं आमचे मालक काय सांगणार त्यांना, की बाबांनो व्हॉट्सअ‍ॅप करा.

आता अडचण अशी की टोकियोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा सोलापुरात साडेपाच वाजलेले असतात. ती माणसं ऑफिसात येऊन पहिलं काम काय करतात तर फॅक्स करतात, आणि त्या वेळेला आमच्या ऑफिसात फक्त वॉचमन मामा असतात, ते पण खुर्चीत आडवे. म्हणून कधीतरी फॅक्सचा ईमेल करायची व्यवस्था बसवली गेली. माळ्यावर एक जुना सर्व्हर आहे, त्यात लिनक्स, त्यावर हायलाफॅक्स नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर, त्याला लाल दिवे लुकलुकणारा मोडेम आणि मोडेमला फोनची लाइन. फॅक्स आला की मोडेमने उचलायचा, सर्व्हरने फाइल करून ठेवायची, पीडीएफ बनवून मेलला जोडून पाठवून द्यायची, बास. बसवणारा पोरगा आमच्याकडंच होता, तो नंतर हिंजवडीला गेला, सोलापूरची सगळी हुशार पोरं जातात तसा. सर्व्हर राहिला. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून कुणीतरी रिजेक्ट लॉटमधला एक टॉवेल टाकला. सोलापुरात टीव्ही असो, मिक्सर असो, गाडीची सीट असो, टॉवेल टाकल्याशिवाय वस्तू आपली वाटत नाही. त्यामुळं सर्व्हरला धूळ लागली नाही पण हवा पण लागली नाही, आणि टॉवेलची जी रुई उडते ती पंख्यात जाऊन अशी बसली होती की एक नॅपकिन निघाला असता.

तर एक दिवस मालक म्हणाले, "जपानचा फॅक्स बरेच दिवसांत दिसला नाही, बघ जरा."

हे "बघ जरा" माझ्याकडंच का आलं, तर मी पूर्वी कधीतरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला होता. माझं खरं काम इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल. पण आपल्याकडं एकदा कागद काढला की माणूस आयटी डिपार्टमेंट होतो.

पहिला फोन केला टेलिफोनवाल्यांना. मधल्या काळात आमची तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं होतं, रस्ता खणताना जुनी केबल तुटली ती तुटलीच, मग त्यांनीच येऊन भिंतीवर एक पांढरी डबी बसवली आणि फोन त्या डबीत खुपसून दिला. फोनवरचा माणूस म्हणाला, "सर डायल टोन येतोय ना? मग आमच्याकडून ओके आहे." मी म्हटलं अहो फॅक्स येत नाहीये. तर म्हणे फॅक्सचं आमच्याकडं नसतं सर, आमच्याकडं व्हॉइस आणि डेटा असतं. आता फॅक्स व्हॉइस की डेटा हा प्रश्न मी त्याला विचारला आणि त्याने मला म्युझिकवर टाकलं.

मग टेस्ट करू म्हटलं. पण टेस्टला फॅक्स करणार कोण? सगळ्या शहरात विचारत फिरलो तेव्हा कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडं मशीन निघालं, लॅमिनेशनच्या मशीनखाली दबलेलं. त्याने माझाच कागद घातला, मशीनने किंचाळून घेतलं आणि एक चिठ्ठी बाहेर आली, रिझल्ट ओके. ऑफिसात आलो तर मेल आलेला! माझाच कागद, थोडा वाकडा, पण पीडीएफ. म्हणजे फॅक्स चालू, सर्व्हर चालू, मेल चालू. फक्त जपान बंद.

मालकांना सांगितलं आपल्याकडून ओके आहे. मालक म्हणाले, "मग काय जपानच बंद पडलंय का?"

हिंजवडीवाल्या पोराला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. तो कायमच मीटिंगमध्ये असतो. शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने येतो म्हणाला, आला पण, पण रविवारी आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन परत गेला आणि पुण्यातून मला मेसेज केला, दादा लॉग बघा. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, कोण आलं, किती वाजता आलं, काय बोलणं झालं, सगळं. ती काढायची कशी हे त्याने फोनवरून सांगितलं आणि मी शिडीवर उभा राहून एका हाताने टॉवेल बाजूला धरून दुसऱ्या हाताने टाइप केलं.

आणि ती रोजनिशी वाचल्यावर मला फॅक्स या प्रकाराबद्दल आदर वाटायला लागला, खोटं नाही सांगत. अलेक्झांडर बेन नावाच्या एका घड्याळवाल्याने १८४३ मध्ये याचं पेटंट घेतलं, म्हणजे टेलिफोनच्या पेटंटच्या तेहतीस वर्षं आधी. अजून "हॅलो" म्हणायची सोय नव्हती तेव्हा माणसाने "कागद पाठवतो" म्हणून ठेवलं होतं. आणि दोन फॅक्स मशीन भेटल्यावर जे बोलतात ती आमच्या चाटी गल्लीच्या कापडबाजारातली घासाघीस आहे. पाठवणारा म्हणतो १४४०० च्या स्पीडने देतो, आणि नमुना म्हणून थोडं पाठवतो. घेणारा म्हणतो नाही जमत, नीट ऐकू येत नाही. बरं १२०००? नाही. ९६००? बघू. ७२००? असं करत करत २४०० पर्यंत उतरतात, आणि तिथंही नाही पटलं तर गिऱ्हाईक उठून जातं.

आमच्याकडं गिऱ्हाईक रोज पहाटे उठून जात होतं. कारण ती पांढरी डबी आवाजाचे तुकडे करून, दाबून दाबून पाठवते. माणसाच्या बोलण्याला ते चालतं, आपण अर्धं ऐकून पण समजून घेतो, नवराबायकोचं तर त्याच्यावरच चाललेलं असतं, पण मोडेमला प्रत्येक सूर जसाच्या तसा लागतो. गावातल्या गावात एवढं जाणवत नाही, परदेशातून आलेला कॉल कुठून कुठून फिरून येतो आणि मग बोंब. पोराने सांगितल्याप्रमाणं मोडेमचा स्पीड ९६०० वर बांधला आणि चुका दुरुस्त करायची जी सोय असते ती बंद केली. चुका दुरुस्त करायची सोय बंद केल्यावर काम सुरळीत चालतं हे मला ऑफिसच्या बाबतीत माहीत होतं, मशीनच्या बाबतीत नवीन होतं.

पण रोजनिशीत अजून एक प्रकार होता. काही कॉल घासाघीस सुरू व्हायच्या आधीच मेलेले. सगळे पहाटेचे. वॉचमन मामांना विचारलं, मामा पहाटे फोन वाजतो का हो?

"वाजतो की. रोज वाजतो. मी उचलतो."

"मग?"

"मग काय, हॅलो हॅलो, कोण बोललालाय, विचारलालोय तर पलीकडून कोण बोलंना. नुसतं टीं करतंय, मग गप, परत टीं. म्हटलं कोणतरी बाई रडलालीय. बाई, रडू नका, मालक दहाला येतात, म्हणून ठेवून दिलो."

तो टीं म्हणजे ११०० हर्ट्झचा, अर्धा सेकंद वाजायचा आणि तीन सेकंद गप बसायचा, मी फॅक्स बोलतोय हे सांगणारा सूर. आणि मामा त्याचं रोज सांत्वन करत होते. गेटवरच्या केबिनमध्ये त्याच लाइनचा पॅरलल फोन कुणी दिला होता कुणास ठाऊक, तो काढून घेतला. मामा नाराज झाले. पहाटेला तेवढीच सोबत होती म्हणे.

आता सगळं ओके झालं असं समजून आम्ही वाट बघत बसलो. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं पण ते कुठल्या दिवशी येणार याची खबर गल्लीत आदल्या दिवशी असते. फॅक्सची ती पण नाही. लॉगमध्ये तर दिसत होतं की जपानचा फॅक्स पहाटे आला, दोन पानं, पूर्ण, रिझल्ट ओके. इतकंच नाही, मागचं चाळलं तर आधी पण येत होते! जपानी मशीन चिवट, दहा वेळा आपटून अकराव्यांदा घुसणारं, मामा झोपलेले असले की हमखास. आलेल्या फॅक्सच्या फोल्डरमध्ये जाऊन मी एक फाइल उघडली तर खरंच ऑर्डर, तोच शिक्का, तेच सुबक अक्षर. फक्त पान चपटं. साध्या फॅक्समध्ये आडवे ठिपके इंचाला २०४ आणि उभे ९८ असतात, फोटो दाखवणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला हे कळत नाही, तो सगळे सारखे समजून पान निम्म्यावर दाबून टाकतो. चौतीस बाय पंच्याऐंशी सेंटिमीटरचा उभा फेस टॉवेल काढलेला त्यांनी, आमच्या लूम मास्तरांनी स्क्रीनवर बघितला आणि म्हणाले, "हा टॉवेल नाही, पायपुसणं आहे. रेट वेगळा लागेल."

म्हणजे फॅक्स माळ्यापर्यंत येत होता आणि माळ्यावरून खाली येत नव्हता. मेलवाल्यांना विचारलं. त्यांच्याकडून ओके होतं. मेल गेलाय म्हणे सर, डिलिव्हर्ड दाखवतोय. कुणाला, तर ते प्रायव्हसीमुळं सांगता येत नाही. आमचाच मेल, आमच्याच ऑफिसचा, आणि आमच्यापासूनच प्रायव्हसी.

त्यात जपानहून मेल आला. म्हणजे त्यांना मेल करता येतो, फक्त ऑर्डर त्यावर द्यायला मन होत नाही. अतिशय नम्र मेल, चार ओळी हवापाण्याच्या, आणि मग आपण कन्फर्म केलेल्या ऑर्डरचा माल कधी निघणार हे कळवल्यास उपकार होतील. मालकांनी तो तीनदा वाचला. "कन्फर्म कोण केलं?" ऑफिसात एकदम शांतता. मी नाही, मास्तर नाहीत, अकाउंटची मॅडम तर मॅटर्निटी लीव्हवर.

तेव्हा हिंजवडीतून शेवटचा सल्ला आला, फॅक्सडिस्पॅच नावाची फाइल उघडा. आलेला फॅक्स कुणाला पाठवायचा ते त्या फाइलीत लिहिलेलं असतं. उघडली. साधी होती. कुठूनही फॅक्स आला तर ऑफिसच्या आयडीवर पाठव. पण पाठवणाऱ्याचा नंबर जपानचा असेल तर अण्णांच्या आयडीवर पाठव.

अण्णा म्हणजे आमचे जुने मुनीमजी. जपानची पार्टी पहिल्यापासून त्यांनीच सांभाळली, सकाळी येऊन प्रिंट काढून मालकांच्या ट्रेमध्ये ठेवायचे, त्यामुळं आम्हा सगळ्यांना वाटायचं फॅक्स ट्रेमध्येच येतो. ते रिटायर झाले आणि पीएफची पत्रं त्यांना मिळावीत म्हणून त्यांचा ऑफिसचा आयडी त्यांच्या घरच्या आयडीवर वळवून दिला होता. नेमकं त्याच सुमारास फायबर आलं, मग आळ सगळा फायबरवर. आणि झेरॉक्सवाला सोलापूरचा, त्याचा फॅक्स नियमाप्रमाणं ऑफिसच्याच आयडीवर येणार, येत पण होता. नियम कुठं चुकला नव्हता.

जुळे सोलापूरला गेलो अण्णांकडं. अण्णा झोपाळ्यावर. "ये की रे. काय म्हणतोय धंदा? ऑर्डर तर चांगल्या येलालेत जपानच्या."

"अण्णा, तुम्हाला कसं माहीत?"

"रोज पहाटे मोबाइलवर येतंय की. मला वाटलं मालक मुद्दाम कॉपी ठेवलेत, जुना माणूस म्हणून. बरं वाटलं हो. मी लगेच उत्तर पण टाकतो, नोटेड विथ थँक्स. ते लोक वाट बघतात, लेट केलेलं त्यांना चालत नाही." आणि आत जाऊन बॉक्सफाइल घेऊन आले. सगळे फॅक्स, स्वतःच्या पैशाने प्रिंट काढलेले, तारखेवार, पंच मारून. मला त्यांना काय बोलावं सुचेना, बाईंनी पोहे आणले ते खाल्ले.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही, लूम रात्रंदिवस चालले, माल उशिराने गेला, मालकांनी माफीचा फॅक्स पाठवला आणि तो एका झटक्यात गेला. मी फाइलमधली अण्णांची ओळ काढायला शिडीवर चढलो होतो तेवढ्यात मालक खालून म्हणाले, राहू दे. अख्ख्या कंपनीत पहाटे साडेपाचला उठून उत्तर देणारा तो एकच माणूस आहे, त्याला महिन्याला काहीतरी बांधून देऊ. तर आता जपान फॅक्स करतं, मोडेम उचलतो, सर्व्हर मेल करतो, अण्णा नोटेड विथ थँक्स टाकतात, मग चष्मा लावून त्या मेलचा स्क्रीनशॉट काढतात आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवतात, वर गुलाबाचं फूल आणि शुभ प्रभात. हिंजवडीला कळवलं. तो म्हणाला आर्किटेक्चर चुकीचं आहे पण माझ्याकडून ओके आहे.

फक्त परवा अण्णांचा फोन आला होता, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला त्यांच्याकडं लेकी, जावई, नातवंडं सगळी येणार आहेत, तेवढे दिवस त्यांना सुट्टी पाहिजे, तर जपानला आत्ताच फॅक्स करून सांग म्हणाले की यात्रा होईपर्यंत काही पाठवू नका.