टेप घ्या, मग गाडी घ्या

कॉम्पॅक्ट सेडान घ्यायची की मिडसाइझ, यावर घरोघरी ज्या आवेशाने भांडणं होतात ती ऐकून वाटतं, या दोन शब्दांना काहीतरी पक्का अर्थ असणार. बिलकूल नाही. अमेरिकेतली ईपीए ही सरकारी संस्था सेडानचा वर्ग तिच्या पोटातल्या जागेवरून ठरवते. माणसांची आणि डिकीची जागा मिळून १०० ते ११० घनफूट भरली तर कॉम्पॅक्ट, ११० ते १२० भरली तर मिडसाइझ, त्यापुढे लार्ज. या हिशेबाने जिला सगळे कॉम्पॅक्ट म्हणतात ती होंडा सिव्हिक मिडसाइझ ठरते, आणि मिडसाइझचा नमुना म्हणून दाखवली जाणारी होंडाचीच अकॉर्ड थेट लार्जमध्ये जाऊन बसते. जपानमध्ये लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर किंवा पेट्रोल इंजिन २००० सीसी, यांतली एक जरी मर्यादा ओलांडली तरी गाडी ‘लहान’ राहत नाही, म्हणजे आजची सिव्हिक तिथे नुसत्या रुंदीवर नापास. भारतात लहान गाडीच्या करसवलतीची रेषा ४ मीटरवर आखलेली, म्हणून त्या मापातल्या सेडानची डिकी शिंप्याने कापड कमी पडल्यावर आटोपती घेतल्यासारखी दिसते.

त्यात या गाड्या दर पिढीला वाढतात. १९७६ची पहिली अकॉर्ड आजच्या सिव्हिकपेक्षा बरीच आखूड होती. १९९०च्या सुमाराची अकॉर्ड आजच्या सिव्हिकच्या जेमतेम बरोबरीला येते. तेव्हा ‘आम्ही आधीपासून मिडसाइझवालेच’ असं छाती फुगवून सांगणाऱ्या काकांची जुनी गाडी आजच्या कॉम्पॅक्टएवढी होती, हे त्यांना मात्र सांगू नये. कुटुंब टिकवणं हाही फॅमिली कार घेण्यामागचा एक हेतू असतो.

म्हणून माझा सल्ला असा की वर्गाचं नाव विसरावं आणि पाच मीटरचा टेप घ्यावा. पहिलं माप गाडी रोज रात्री जिथे उभी राहणार त्या जागेचं. खांब, पाण्याचा पाइप, शेजाऱ्याची हळूहळू सरकत आत आलेली दुचाकी, एवढं सगळं वजा करून उरते ती जागा. समजा ती २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब भरली. सिव्हिक १.८ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून ७० सेंटीमीटर उरले, अकॉर्ड १.८६, म्हणजे ६४. दार उघडून माणसाने बाहेर यायला साधारण ५५-६० सेंटीमीटर लागतात. तेव्हा गाडी कुठलीही असो, एका भिंतीला खेटून लावायची आणि त्या बाजूच्या मंडळींना आधीच उतरवायचं, हा कार्यक्रम टळत नाही. खरी गंमत लांबीची. सिव्हिक ४.६७ मीटर, मागेपुढे मिळून ३३ सेंटीमीटर शिल्लक. अकॉर्ड ४.९७, शिल्लक ३. डिकी उघडायला मागे माणूस उभा राहावा लागतो, आणि तीन सेंटीमीटर जाडीचा माणूस कुठल्याच घरात नसतो.

ब्रोशरमधली रुंदी आरसे सोडून असते, हेही लक्षात ठेवावं. आरसे धरले की गाडी आणखी पाव मीटरभर रुंद होते, आणि फाटकातून आत जाताना आरसे बरोबर येतातच. वळणाचंही तसंच. एक कंपनी ५.४ छापते, दुसरी ११.३, आणि घरात लगेच जाहीर होतं की पहिली गाडी निम्म्या जागेत वळते. पहिलीने त्रिज्या छापलेली असते, दुसरीने व्यास. शिवाय हे माप बहुधा चाकांच्या रेघेचं असतं. बंपर त्याच्या बाहेरून झुलतो, आणि खांबाला घासतो तो बंपर.

आता मागची सीट. शोरूममध्ये पुढच्या सीटा शहाण्यासारख्या पुढे सरकवून ठेवलेल्या असतात, त्यामुळे मागे बसणाऱ्याला आपण एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. ती श्रीमंती उतरवायची रीत सोपी आहे. घरातल्या सगळ्यात उंच ड्रायव्हरने पुढची सीट आपल्याला हवी तशी लावायची, मग उतरून त्याच सीटच्या मागे बसायचं. गुडघा आणि सीटची पाठ यांत चार बोटं जात असली तर ठीक. मग ती पुढची सीट उंचीला पुरती खाली घ्यायची आणि मागच्याने पाय तिच्याखाली सरकवून पाहायचे. इलेक्ट्रिक सीटची मोटर खाली असली की बुटाचं टोक तिथे अडतं आणि लांबचा प्रवास गुडघे वर करून होतो. ब्रोशरमधला पुढच्या लेगरूमचा आकडा सीट पुरती मागे सारून घेतलेला असतो. मागचा घेताना ती सीट कुठे होती हे छापलेलं नसतं. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असतील या भरवशावर कुणी राहू नये.

मिडसाइझला जास्तीचे पैसे मोजून नेमकं काय मिळतं? सिव्हिक आणि अकॉर्डच्या लांबीत ३० सेंटीमीटरचा फरक आहे, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात, म्हणजे व्हीलबेसमध्ये, साडेनऊच. उरलेले वीस नाकात आणि शेपटीत गेले. मागच्या लेगरूममध्ये फरक पडतो आठ-नऊ सेंटीमीटरचा. गुडघ्यांच्या दृष्टीने हा ऐवज मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. खांद्यांचं काय? दोन्ही गाड्यांत मागे खांद्याची रुंदी १४२ ते १४४ सेंटीमीटरच्या घरात. मोठ्या माणसाचा खांदा ४५ ते ५० धरला तर तिघांना १३५ ते १५० लागतात. म्हणजे कॉम्पॅक्टमध्ये तिघं दाटीने बसतात आणि मिडसाइझमध्ये तिघं दाटीनेच, फक्त पाय लांब करून बसतात. ‘मोठी घेतली की मागे तिघं ऐसपैस’ ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी अफवा आहे, आणि ती पसरवणारा माणूस नेहमी पुढे बसतो.

मधल्याची दैना वेगळीच. त्याच्या पाठीला घडी घातलेला आर्मरेस्ट, म्हणजे मऊ कापडातली फळी. त्याच्या पायांमध्ये जमिनीचा उंचवटा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी तो उंचवटा राहतोच. खालून सायलेन्सरची नळी जाते आणि पत्र्याला ताठपणाही त्यातूनच येतो. मधल्या पट्ट्याचं बकल सीटच्या फटीत रुतलेलं असेल तर ते शोधताना शेजाऱ्यांशी नको तेवढी ओळख होते.

लहान मूल असेल तर चाइल्ड सीट शोरूमला बरोबर न्यावी. ती सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या बहुतेक सेडानमध्ये मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात. एक सीट ४४ ते ५० सेंटीमीटर रुंद, त्यामुळे तीन एका ओळीत बसवण्याचा विचार दोन्ही वर्गांत सोडलेला बरा. पण तान्ह्या बाळाची, मागे तोंड करून बसवायची सीट असेल तर मात्र मी मिडसाइझच्या बाजूने उभा आहे. ती सीट तिरकी बसते आणि पुढच्या सीटला ढकलते. कॉम्पॅक्टमध्ये पुढे बसलेल्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. ते आठ-नऊ सेंटीमीटर इथे पुरेपूर वसूल होतात.

आजी-आजोबांसाठी लेगरूमपेक्षा दाराचं तोंड महत्त्वाचं. हल्ली सेडानचं छप्पर मागे कूपेसारखं उतरतं ठेवायची टूम आहे. दिसतं झकास, आणि आत शिरताना आजोबांचं कपाळ नेमकं त्याच उतारावर आपटतं. सनरूफची चौकट आणखी दोन-तीन सेंटीमीटर उंची खाते. त्यांना एकदा बसवावं, एकदा उतरवावं. मग मत विचारायची गरज नाही, चेहरा पुरेसा बोलतो.

डिकीच्या लिटरवर माझा फारसा विश्वास नाही. जर्मन व्हीडीए पद्धतीत २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे एक-एक लिटरचे ठोकळे भरून माप काढतात. अमेरिकी पद्धत वेगळी, त्यामुळे दोन ब्रोशरमधले आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. शिवाय बाबागाडी ठोकळ्यांत विभागता येत नाही. डिकीच्या तोंडाची उंची-रुंदी टेपने घ्यावी, आणि झाकणाच्या बिजागऱ्या पाहाव्यात. हंसाच्या मानेसारखे वाकडे दांडे असतील तर झाकण लावताना ते आत उतरतात आणि वरच्या बॅगेवर बसतात. स्टेपनीही उघडून पाहावी. बारीक टायरची असेल तर तिच्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या वर जायची परवानगी नसते, आणि काही हायब्रिड गाड्यांत तिच्या जागी पंक्चर बुजवायच्या द्रवाची बाटली निघते.

घोळ होतो तो इथे: कॉम्पॅक्टचं सगळ्यात वरचं मॉडेल आणि मिडसाइझचं सगळ्यात खालचं, यांची किंमत एकमेकींना भिडते. एकीकडे सनरूफ, मोठी चाकं, पंधरा स्पीकर. दुसरीकडे नुसती जागा. मी डोळे मिटून जागेकडे जाईन, आणि त्याला टायरचंही कारण आहे. २०५/५५ आर १६ टायरची बाजू ११३ मिलिमीटर उंच असते, २३५/४० आर १९ची ९४. खड्ड्याचा पहिला दणका ती रबरी बाजू पचवते. ती जितकी कमी, तितका दणका कमरेत जातो आणि रिम वाकायची शक्यता वाढते. छोट्या चाकांचं साधं मॉडेल जास्त आरामशीर चालतं, ही गोष्ट शोरूममध्ये आपणहून कुणी सांगत नाही.

इंधनाचं भांडण थोडक्यात आवरतं. मोठी गाडी जास्त पिते हा नियम हायब्रिडने मोडला. अमेरिकेत २०२५ मॉडेलपासून टोयोटाची मिडसाइझ कॅमरी फक्त हायब्रिड मिळते, आणि ती टोयोटाच्याच कॉम्पॅक्ट, साध्या पेट्रोल कोरोलापेक्षा कमी पेट्रोलात चालते. सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल इतकंच, की समोरासमोर धडकेचे तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहायचे असतात. पाच तारे मिळवलेली १३०० किलोची आणि पाच तारे मिळवलेली १५५० किलोची एकमेकींवर आदळल्या तर जड गाडीचं पारडं जडच.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतं, ते वाचणारे फार थोडे. टायरमध्ये हवा किती भरायची ते तिथे असतं, आणि पुष्कळ गाड्यांत माणसं-सामान मिळून किती किलो भार चालेल तेही. दोन्ही वर्गांत हा आकडा बहुधा ४०० किलोच्या आसपास. सत्तर किलोची पाच माणसं ३५० झाली. मिडसाइझच्या मोठ्या डिकीत भरायला राहिले ५० किलो. भार वाढला की शेपूट बसते, आणि व्हीलबेस लांब असेल तर गतिरोधकावर पोट आधी टेकतं.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीत घेऊ नये. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, सगळं घर भरून चालवाव्यात: खराब रस्ता ४० च्या वेगाने, एक यू-टर्न, एक चढ. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, भरल्या गाडीत चढावर किती वेळ कण्हतो ते तिथे कळतं. सेल्समनची जागा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, असा रिवाज आहे. तो मोडावा आणि त्याला मागे मधोमध, दोन काकांच्या मध्ये बसवावं. तिसऱ्या गतिरोधकावर विचारावं, ‘जागा कशी वाटते?’ उत्तर काहीही येवो, आवाज कुठून निघतोय तेवढं ऐकावं.