वास : कुत्रा, मध्यम

परवा नगरपालिकेत आमच्या प्रस्तावावर हरकतींची सुनावणी झाली. प्रस्ताव साधा. पाळीव प्राण्यांच्या दहनाची एक भट्टी चालू आहे, तिच्या शेजारी दुसरी बसवायची आणि चार बाय तीन मीटरची शीतखोली बांधायची. हरकत एकच आली. पण ती दोनशे पानी वहीत होती.

वहीचे मालक मागच्या सोसायटीतले, तिसऱ्या मजल्यावरचे काका. वहीला पट्टीने आखलेले पाच रकाने : दिनांक, वेळ, वारा, वास, शेरा. आमच्या नोंदवहीचे रकाने इतके सरळ कधीच आले नाहीत, हे आधी कबूल करतो.

"वाचा," साहेब म्हणाले.

काकांनी चष्मा बदलला. "चार मार्च. सकाळी सात चाळीस. वारा नैर्ऋत्य. वास : कुत्रा, मध्यम."

"मध्यम म्हणजे वास मध्यम की कुत्रा मध्यम?"

"कुत्रा. वास तीव्र."

साहेबांनी लिहून घेतलं.

"सहा मार्च. दुपारी एक. वास : मांजर. बहुधा काळं."

आता मला राहवेना. "काळं कशावरून काका?"

"अमावस्या होती."

हेही लिहून घेतलं गेलं. मग मी आमची नोंदवही उघडली. चार मार्चला भट्टी दिवसभर थंड होती. बर्नरचं नोझल काजळीनं चोंदलं होतं, मिस्त्री संध्याकाळी आला. सकाळी सात चाळीसला त्या कोपऱ्यावर एकच भट्टी पेटलेली असते, ती वडेवाल्याची. हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं.

काका क्षणभर थांबले. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "म्हणजे बघा, भट्टी बंद असताना एवढा वास येतो. चालू असताना किती येत असेल?"

"मुद्दा आहे," साहेब म्हणाले.

तो मुद्दा इतिवृत्तात गेला. वहीवर आवक क्रमांक पडला, शिक्का बसला. माझ्याकडे चिमणीच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल होता. तो परत आला, कारण झेरॉक्सवर माझी स्वतःची साक्षांकित सही नव्हती. पेन खिशातच होतं. पण सही 'आधी' हवी होती म्हणे.

त्या अहवालामागे काय असतं ते सांगतो, म्हणजे माझा जळफळाट कळेल. चिमणीला नमुना घेण्याचं भोक कुठेही पाडून चालत नाही. शेवटच्या वळणापासून वर आठ व्यास आणि तोंडापासून खाली दोन व्यास सरळ नळी लागते. आमच्या चिमणीचा व्यास ०.६ मीटर, म्हणजे खाली ४.८ आणि वर १.२ मीटर. भोक चुकीच्या जागी असेल तर हवा तिथे गिरक्या घेत असते, आकडे खोटे येतात आणि अहवाल बाद होतो. तेवढ्या उंचीवर फलाट बांधून माणूस चढवावा लागतो. काकांच्या नाकाला फलाट लागत नाही, व्यासही लागत नाही.

आणि वास येऊच नये अशीच तर भट्टीची रचना असते. तिला दोन कोठ्या. पहिलीत दहन, दुसरीत धुराचं दहन. दुसरी कोठी आधी ८५० अंशांपर्यंत तापवायची आणि मगच पहिलीचा बर्नर लावायचा. धूर त्या तापात किमान दोन सेकंद राहिला की वासाचं काही उरत नाही. (धुराला दोन सेकंद पुरतात. आमच्या फायलीला सातवा महिना लागलाय.) काळा धूर निघतो तो माणसाच्या घाईनं. दुसरी कोठी तापायच्या आत सुरुवात केली, मध्येच दार उघडलं, किंवा मालकांनी प्रेमानं सोबत दिलेला नायलॉनचा पट्टा, रबरी चेंडू आणि प्लास्टिकचं अंथरूण तसंच आत गेलं की निघालाच. लठ्ठ लॅब्रेडॉर दिवसाचा पहिला घ्यायचा, पहिली कोठी थंड असताना. ती तापलेली असली की चरबी एकदम वितळून भडकते आणि दुसऱ्या कोठीला तो धूर झेपत नाही. मांजर तासाच्या आत होतं, तीस किलोच्या कुत्र्याला दीड-दोन तास. राख उरते वजनाच्या साधारण तीन-चार टक्के, म्हणजे तीस किलोमागे किलोभर.

चिमणी ३० मीटर आहे. धूर वर जाऊन पांगावा म्हणून ती तेवढी उंच ठेवायला लावली गेली. सोसायटी चार मजली. तिसऱ्या मजल्यावरच्या नाकाला ज्या उंचीमुळे त्रास नाही, नेमकी तीच उंची तिसऱ्या मजल्यावरच्या डोळ्यांत खुपते. चिमणी दिसली नसती तर वहीही नसती, असं मला आता वाटतं.

मुळात अडलंय ते वेगळ्याच रकान्यात. अर्जात 'वापराचा प्रकार' लिहायचा असतो : निवासी, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक. पहिल्या भट्टीच्या वेळी आम्हाला सार्वजनिकमध्ये टाकलं होतं. आता नवे लिपिक म्हणतात, बर्नर आहे म्हणजे औद्योगिक. दुसरे म्हणतात, पावती फाडता म्हणजे वाणिज्य. एकूण कुत्रा दारातून येतो वाणिज्य, भट्टीत जातो औद्योगिक आणि कलशातून बाहेर येतो धार्मिक. झोन दाखला मात्र एकच मिळतो.

कागद म्हणाल तर सातबारा, मोजणीची क प्रत, भाग नकाशा, बिनशेती आदेश, अग्निशमनचा ना हरकत दाखला. प्रदूषण मंडळाच्या संमत्या दोन : बांधण्याआधी स्थापनेची, बांधल्यावर चालवण्याची. स्थापनेच्या संमतीला जागेची मंजुरी जोडायला सांगतात आणि जागेच्या मंजुरीला स्थापनेची संमती. कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न निदान दहनाच्या धंद्यात तरी पडू नये.

विस्ताराचा अर्ज करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. 'विस्तार' हा शब्द लिहिला की जुनं बांधकामही नव्यानं मोजलं जातं. आमच्या जुन्या शीतपेटीचा कॉम्प्रेसर सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात, सापडला. कितीतरी वर्षं तो तिथेच घरघरतोय, आता अचानक अनधिकृत ठरला. जनरेटरच्या धुरांड्याचंही सूत्र निघालं : छपराच्या वर ०.२ गुणिले केव्हीएचं, म्हणजे जनरेटरच्या क्षमतेचं, वर्गमूळ. पंचवीस केव्हीएला बरोबर एक मीटर. आमचं नव्वद सेंटिमीटर भरलं.

हसण्यावारी नेतोय, पण दुसरी भट्टी हौस म्हणून मागितलेली नाही. शीतपेटीत चार मावतात. उन्हाळ्यात रोज पाच-सहा फोन येतात. पाचव्याला "उद्या दुपारी" म्हणावं लागतं. समोरचा माणूस गप्प होतो. स्कूटरच्या पायाशी चादरीत गुंडाळलेलं ओझं घेऊन तो उभा असतो, त्याला उद्या दुपार कशी सांगायची? त्यातले काही परत फिरतात आणि नदीकाठी उथळ खड्डा खणतात. रात्री भटकी कुत्री तो उकरतात. त्याचा वास मात्र कुणाच्या वहीत नाही.

सुनावणी संपताना साहेबांनी स्थळपाहणीचा आदेश दिला. पंच स्थानिक हवा म्हणून काकांचं नाव घातलं. मला 'परिसरात दुर्गंधी नसल्याचा दाखला' आणायला सांगितलं.

"तो कोण देतं साहेब?"

"ते अर्जदारानं बघायचं."

जिन्यात काका भेटले. राग नव्हता. म्हणाले, "अहो, वैयक्तिक काही नाही हं. वही संपत आली होती, म्हटलं उपयोगी पडेल."

आज सकाळी सात चाळीसला भट्टी बंद होती. काका बाल्कनीत उभे राहून लिहीत होते.