एक नाड म्हणजे एक रक्तगट नव्हे

पत्रिका जुळवायच्या दिवसांत एक संदेश हमखास फिरतो: "एक नाड म्हणजे एकच रक्तगट. नवरा-बायकोचा रक्तगट सारखा असला तर मूल होत नाही, झालं तर व्यंग असतं. पूर्वजांना हे विज्ञान ठाऊक होतं." त्यापायी जमत आलेली स्थळं मोडतात, म्हणून एकेक दावा तपासू.

नाड ठरते जन्मनक्षत्रावरून. २७ नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट: अश्विनी, आर्द्रा, हस्त वगैरे आद्य, भरणी, मृग, पुष्य वगैरे मध्य, कृत्तिका, रोहिणी, स्वाती वगैरे अंत्य. ३६ पैकी ८ गुण एकट्या नाडीचे, म्हणून बाकी पत्रिका जुळूनही घोडं तिथेच अडतं. पण चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. त्या दिवसभरात प्रसूतिगृहात जन्मलेल्या बहुतेक बाळांची नाड एकच. रक्तगट ज्याचा त्याचा. रक्तगट आईवडिलांकडून येतो, नाड येत नाही. आणि रक्तगटांचा शोध लागला १९०१ साली, व्हिएन्नात, कार्ल लँडस्टायनर यांच्या हातून.

सारखा रक्तगट घातक, हा दावा तर साफ उलटा आहे. बी आणि ओ हे आपल्याकडचे सर्वाधिक आढळणारे गट. दोघांचा गट एकच असलेली जोडपी घरोघरी आहेत. अडचण येते ती फरकामुळे. आई आरएच निगेटिव्ह (म्हणजे रक्तगटापुढे 'निगेटिव्ह' लिहिलेली) आणि वडील पॉझिटिव्ह असले, तर पॉझिटिव्ह बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होऊ शकतात. पहिलं बाळ बहुधा सुखरूप राहतं, धोका पुढच्याला. त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे: २८व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दुसरं. गर्भपात झाला तर ते विसरलं जातं, आणि नेमकं तिथेच चुकतं. यासाठी लग्न मोडायचं काहीच कारण नाही.

असाच आणखी एक दावा: "गोत्र जनुकांसाठीच पाहतात." पण गोत्र फक्त बापाकडून चालतं. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं, म्हणून ते स्थळ चालतं. पण मामे-आते भावंडांची सरासरी एक-अष्टमांश जनुकं सामाईक असतात.

जनुकांचीच काळजी असेल तर सुपारी फुटण्याआधी दोघांची एचपीएलसी चाचणी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करा. हॉल ठरल्यावर विषय काढणं जड जातं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक बाळगणारा) त्यात कळतो, सिकलसेलचाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे तर ती टाळूच नये. उपाशीपोटी जावं लागत नाही. मात्र लोहाची कमतरता असेल तर एचबीए२ (थॅलेसेमियाचा वाहक ज्यावरून ओळखतात तो हिमोग्लोबिनचा प्रकार) खोटं कमी दिसू शकतं, आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबावं. एकच जण वाहक असेल तर मुलाला तो आजार होत नाही. दोघंही एकाच दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते. तेव्हाही लग्न करता येतं, फक्त दिवस राहिल्यावर दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.